छटाकरावांचं वजन

भट्टीकाकांना घाई करताना गल्लीत कुणी कधी पाहिलं नव्हतं. पाव करणाऱ्या माणसाला घाई करून चालतच नाही. पीठ मळावं, गोळे करून ट्रेमध्ये मांडावेत, वर फडकं टाकावं आणि मुकाट्यानं बाजूला व्हावं. पुढचं काम पिठाचं. काकांचा उभ्या आयुष्यात एकच नियम होता : झाकलेलं उघडायचं नाही. किती फुगलंय ते बघू या म्हणून कुणी फडक्याचं टोक जरी उचललं, तरी काका असे बघायचे की त्या माणसानं कुणाच्या तरी अंगावरची चादर ओढलीय.

असे हे काका त्या दिवशी सकाळपासून जिन्यावर नुसते खालीवर करत होते. खाली दुकान, दुकानामागे भट्टी, वर राहतं घर. वर गेले की त्यांना दुकान आठवायचं आणि खाली आले की घर. एका खेपेला त्यांनी पावाचा भरलेला ट्रे वर नेऊन पलंगावर ठेवला. पुढच्या खेपेला बाळाची उकळून घेतलेली दुधाची बाटली समोरच्या शिंप्याच्या हातात दिली. तो बिचारा पाव घ्यायला आला होता. त्यानं बाटली उलटीसुलटी करून पाहिली.

"काका, मला दात आहेत. पाव चालेल."

"डॉक्टरीणबाई येणार आहेत," काका म्हणाले, आणि बाटली घेऊन पुन्हा वर पळाले.

शिंप्याला आणखी काही विचारायची गरज नव्हती. आज छटाकरावांची घरी पहिली तपासणी आहे, हे अख्ख्या गल्लीला पाठ होतं.

छटाकराव म्हणजे काका-काकूंनी दत्तक घेतलेलं बाळ. लग्नाला इतकी वर्षं झाली होती की नातेवाइकांनी चौकशा करणंसुद्धा सोडून दिलं होतं, आणि तेव्हा संस्थेतून फोन आला, "बाळ आहे, पण फार लहान आहे. दिवस भरायच्या कितीतरी आधी जन्मलंय." काकू फोनवर म्हणाल्या, "बाळं लहानच असतात ना हो?" मग त्या ते बाळ बघायला वॉर्डात गेल्या आणि त्यांना कळलं की लहान या शब्दालाही आत बरंच खोल जाता येतं. काचेच्या पेटीत, नळ्यांच्या जंजाळात ते पडलं होतं. पेटीला हात घालायला गोल भोकं होती. काका रोज दुपारी कोपरापर्यंत हात घासून धुवायचे, त्या भोकातून एक बोट आत सरकवायचे आणि बाळ ते मुठीत धरायचं. एवढ्या मोठ्या बोटाला एवढीशी मूठ! "काय हे! छटाकभर जीव आणि पकड बघा पैलवानाची," असं काका एकदा म्हणाले, आणि बाळाचं नाव छटाकराव पडलं.

नाव गोड होतं, पण काकूंना त्यामागची मेख ठाऊक होती. काका बाळाला छटाकराव म्हणत, पाहुणे म्हणत, साहेब म्हणत. माझा मुलगा असं मात्र चुकूनही म्हणत नसत. काकूंनी एकदा विचारलं तेव्हा ते इकडेतिकडे बघत म्हणाले, "अगं, आधी डॉक्टरीणबाई हो म्हणू देत. आपण माझं माझं म्हणून बसायचं आणि त्यांनी उचलून न्यायचं. मग मी काय करू?" काकूंनी तो विषय पुन्हा काढला नाही.

भीती काही उगाच नव्हती. बाळ घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "दवाखान्याच्या गर्दीत याला आणू नका, मीच येईन तपासायला. वजन वाढलं पाहिजे. वाढलं नाही तर पुन्हा वॉर्डात. त्याची पेटी मी सध्या राखून ठेवतेय."

राखून ठेवलेली ती पेटी काकांच्या डोळ्यांपुढून हलेना. त्यांनी कंबर कसली आणि त्यांना जे येत होतं ते सगळं केलं. बाळाचा पलंग बरोबर भट्टीच्या वरच्या खोलीत लावला, जिथं फरशीसुद्धा कोमट असते. खिडक्या लावून घेतल्या. फटींत मैद्याची रिकामी पोती गुंडाळून ठोकली. दाराला पडदा, पडद्याला आतून आणखी एक पडदा. वाऱ्याची काय बिशाद होती आत शिरायची! ज्या उबेत पिठाचा एवढासा गोळा टम्म फुगतो, त्या उबेत बाळ का नाही फुगणार? काकांना यात कुठेच खोट दिसत नव्हती.

वजन मात्र रोज बघायला हवं होतं, आणि नियम तर होता की झाकलेलं उघडायचं नाही. त्यावरही काकांनी तोड काढली. दुकानातला दोन पारड्यांचा जुना तराजू घासूनपुसून वर आणला. एका पारड्यात टोपली आणि टोपलीत कपड्यांसकट बाळ. दुसऱ्या पारड्यात तशीच टोपली आणि टोपलीत तसेच कपडे : एक दुपटं, एक झबलं, एक स्वेटर, एक टोपडं. कपड्याला कपडा कटला. उरलं ते निव्वळ बाळ. काका स्वतःच्या हुशारीवर इतके खूश झाले की त्यांनी तराजूला नमस्कारच केला.

आणि वजन वाढू लागलं! रोज वाढू लागलं! काका खाली येऊन दुकानाबाहेरच्या पाटीवर, पावांच्या भावाखाली, खडूनं लिहायचे : 'छटाकराव, आज.' पुढे आकडा. गिऱ्हाइकं आधी तो आकडा वाचायची, मग पाव मागायची. शिंपी तर सकाळी शटर वर केलं की स्वतःच्या दुकानात शिरायच्या आधी इकडे येऊन पाटी बघून जायचा.

"बाटलीतलं निम्मं दूध उरतं हो रोज," काकू एकदा म्हणाल्या. "उठवलं तरी उठत नाही, चोखता चोखता झोपतं. मग वजन वाढतं कशानं?"

"अंगी लागतंय!" काका म्हणाले. "गुणी बाळ आहे. रडणं नाही, कुरकुर नाही. काटा कधी खोटं बोलतो का?"

काटा खोटं बोलत नव्हताच.

तर अशा त्या सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. ठेंगण्याशा, खांद्याला मोठी बॅग, बोलणं तुटक. पहिला पडदा बाजूला केला, दुसरा केला, आत पाऊल टाकलं आणि त्यांचा चष्मा पांढराशुभ्र झाला. त्या तशाच उभ्या राहिल्या.

"मी भट्टीत आलेय की खोलीत?"

"भट्टी खाली आहे," काका अदबीनं म्हणाले. "चुकलात तरी हरकत नाही, पुष्कळ जण चुकतात."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसला. पलंगापाशी काकू उभ्या होत्या आणि त्यांच्याशेजारी काकांची थोरली बहीण, म्हणजे बाळाच्या आत्या. आत्याबाई बाळ घरी आल्यापासून मदतीला म्हणून मुक्कामी होत्या, आणि त्यांची मदत म्हणजे विणकाम. आत्ताही त्यांच्या काखेत सुया होत्या. पलंगावर मधोमध लोकरीचं एक गाठोडं होतं आणि गाठोड्याच्या एका टोकाला लालबुंद नाक.

"वजन वाढलंय," काका म्हणाले. कधी एकदा सांगतो असं त्यांना झालं होतं. "रोज वाढतंय. पाटी बघितलीत का खाली? त्याला आता तुमच्या त्या पेटीत बसताही यायचं नाही."

"बघू या ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी बॅगेतून चपटा काटा काढून टेबलावर ठेवला. "कपडे काढा सगळे."

"सगळे?" काकांचा आवाज चिरकला. "उघडायचं?"

"मी बाळ तपासायला आलेय. लोकर नाही."

काकूंनी हात पुढे केला. दुपटं निघालं. टोपडं निघालं. स्वेटर निघाला. काका मान डोलवत होते; हे सगळं हिशेबातलं होतं. मग स्वेटरखालून आणखी एक स्वेटर निघाला आणि काकांची मान मध्येच थांबली.

"हा कुठला?"

"तो होय?" आत्याबाई म्हणाल्या. "अरे, तो बिनबाह्यांचा आहे. त्याला काय धरायचं?"

त्याच्याखालून तिसरा निघाला.

"ताई!"

"तो पातळ आहे रे. परवाच संपवला. उगाच पडून राहिला असता."

टोपड्याखाली टोपडं होतं. मोज्यांत मोजे होते आणि त्या मोज्यांतही मोजे. काकूंनी मोठ्या नणंदेकडे असं काही बघितलं की आत्याबाईंनी सुया मागे लपवल्या. पण मग झबलं काढलं तर आत दुसरं झबलं, आणि त्यात तिसरं, आणि आता खाली बघायची पाळी काकूंची होती.

"हात गार लागत होते हो त्याचे," त्या पुटपुटल्या. "एकेक करून घातलंय मी. एकदम नाही."

"म्हणजे रोज?" काका म्हणाले. "रोज एकेक? आणि दोघी? आणि मला पत्ता नाही?" त्यांचा पारा चढला. "मी इथं डोळ्यांत तेल घालून वजन करतोय आणि तुम्ही दोघी माझ्या पाठीमागे लोकर भरताय? अगं, पारड्यात दुसरीकडे एकच स्वेटर आहे! एकच! विश्वास म्हणून काही चीज असते की नाही घरात?"

"आणि हे काय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सगळ्यात आत, बाळाच्या पोटाभोवती, फलाटीनचं एक जुनं फडकं गुंडाळलेलं होतं. घडीवर घडी, घडीवर घडी. उलगडायला लागल्यावर ते संपेचना. त्याला मैद्याचा वास येत होता.

काकू फडक्याकडे बघत राहिल्या. आत्याबाई काकांकडे. काका छताकडे.

"पहाटे कामाला उतरताना," काका अखेर छतालाच म्हणाले, "वाटायचं, एक घडी जास्त असलेली बरी. फडक्याला कसलं आलंय वजन."

आत्याबाईंना हसू आवरेना. त्या सुयांसकट पलंगाच्या कडेवर बसल्या आणि पोट धरून हसू लागल्या. काकूही हसल्या. डॉक्टरीणबाईसुद्धा तोंड वळवून बॅगेत काहीतरी शोधण्याचं निमित्त करू लागल्या. पलंगावर कपड्यांचा ढीग झाला होता, आणि ढिगाशेजारी छटाकराव, ढिगाच्या निम्मेसुद्धा नाहीत. काकांचं मात्र हसू ओठांपर्यंत येऊन परत गेलं. पाटीवर रोज वाढलेलं सगळं वजन त्या ढिगात होतं, हे त्यांना एकदम कळलं. मग बाळाचं असं किती वाढलं? काही वाढलं तरी का?

डॉक्टरीणबाईंनी बाळाला काट्यावर ठेवलं. आकडे वरखाली पळाले. आकडा स्थिर झाला. वॉर्डातून निघतानाच्या वजनापेक्षा तो जास्त होता. अगदी किंचित, चमचाभर, पण जास्त होता!

"वाढलं!" काका ओरडले.

आणि नेमकं त्याच क्षणी, अंगावर कितीतरी दिवसांनी मोकळी हवा लागलेल्या छटाकरावांनी एक सणसणीत धार सोडली. ती काट्यावरून उसळली, टेबल ओलांडून गेली आणि वाकून बघणाऱ्या आत्याबाईंच्या चष्म्यावर पोचली. काट्यावरचा आकडा झरझर खाली आला आणि वॉर्डातून निघतानाचा जो होता, बरोब्बर तिथंच येऊन थांबला.

"तेही धरा!" काकांनी टेबलावर हात मारला. "डॉक्टरीणबाई, तेही धरा! आत्ता आतच होतं ते! ताई, हलू नकोस, चष्मा काट्यावर ठेव!"

आता मात्र डॉक्टरीणबाई खो खो हसल्या. चष्मा काढून डोळे पुसले. पण चष्मा पुन्हा घातला तेव्हा चेहरा सरळ झाला होता.

"काका, हे धरता येत नाही," त्या म्हणाल्या. "वजन वाढलेलं नाही."

त्यांनी बाळाच्या काखेत तापमापक धरला, छाती ऐकली, पोट चाचपलं. मग शांतपणे सांगितलं. बाळ आजारी नाही. छाती स्वच्छ आहे, हृदय उत्तम आहे. पण अंग तापलंय. वरून लोकर, खालून भट्टी. उकाड्यानं ते गुंगीत राहतं, गुंगीत दूध पीत नाही, आणि दूध पोटात गेलं नाही तर वजन कुठून येणार? "तुम्ही याला गुणी म्हणताय. अहो, उकडतंय त्याला. रडायचंही त्राण नाही."

त्यांनी बॅगेतून मोबाईल काढला आणि वॉर्डाचा नंबर शोधू लागल्या.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. काय करावं ते सुचेना, तेव्हा त्यांनी काट्यावरच्या बाळाकडे बोट नेलं, पेटीच्या भोकातून न्यायचे तसंच. या बाळानं जे काही भोगलं होतं त्यात त्यांनी आपल्या हातानं भर घातली होती, मायेनं, घडीवर घडी. असं वाटून त्यांना स्वतःच्या कानफटात मारून घ्यावंसं वाटलं. "डॉक्टरीणबाई," ते म्हणाले, "चूक माझी आहे. पेटीत ठेवायचंच असेल तर मला ठेवा."

फोन कानाला लावता लावता दुसऱ्या हातानं डॉक्टरीणबाईंनी खिडकीच्या फटीतलं पोतं ओढून काढलं आणि एक झडप थोडीशी उघडली.

बाळानं डोळे उघडले. हात ताणले, पाय ताणले, तोंड वासलं. आणि किंचाळलं.

तो आवाज त्या घरात कुणी ऐकलेला नव्हता. वॉर्डात ते फार तर कुरकुरायचं. काका दचकून मागे बघू लागले, जिन्यावर कुणी पडलं की काय म्हणून. काकूंच्या हातातलं झबलं गळालं. बाळ तांबडंलाल होऊन, मुठी आवळून, सगळ्या जगाला फैलावर घेत होतं.

"दूध!" डॉक्टरीणबाई फोनवर हात ठेवून म्हणाल्या. "बघता काय? दूध आणा!"

बाटली आली. बाळाला एकच पातळ झबलं, लंगोट आणि एक टोपडं घालून काकूंच्या मांडीवर दिलं, आणि छटाकराव बाटलीवर असे तुटून पडले की काकूंना ती दोन्ही हातांनी धरावी लागली. निम्मी झाली. सगळ्यांच्या नजरा तिथंच, कारण रोज घोडं तिथंच अडायचं. छटाकराव क्षणभर थांबले, एक उसासा टाकला आणि पुन्हा सुरू झाले. बाटली रिकामी झाली. तळ चोखण्याचा चुक् चुक् आवाज येऊ लागला तेव्हा आत्याबाई ओल्या चष्म्यानं रडत होत्या.

डॉक्टरीणबाई फोनमध्ये बोलल्या, "हं, सिस्टर, मीच बोलतेय. ती राखून ठेवलेली पेटी आहे ना? दुसऱ्या कुणाला लागत असेल तर देऊन टाका. नाही, याला नको. हा घरीच राहतोय."

काकांनी ते ऐकलं, पण ते त्यांच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. शिरलं तेव्हा ते मटकन खाली बसले, ते नेमके पलंगावरच्या पावाच्या ट्रेमध्ये. ट्रे सकाळपासून तिथंच होता.

"शर्ट काढा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पावाचं काही नाही हो, झटकतो—"

"पावासाठी नाही. तुम्हाला ऊब द्यायचीय ना? काढा शर्ट. झबलंही काढते त्याचं."

आणि त्यांनी लंगोट-टोपड्यातलं बाळ काकांच्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं, पाठीवर एक हलकंसं दुपटं टाकलं. "ही ऊब पुरे. स्वेटर एक, तोही मी सांगेन तेव्हा. पलंग भट्टीवरून हलवा. दूध पाजायला वेळेवर उठवायचं. आणि तो तराजू खाली दुकानात न्या. वजन मी करीन, येऊन, उघड्या बाळाचं." आत्याबाईंकडे वळून त्या म्हणाल्या, "तुम्ही आता भावासाठी विणा."

त्या निघाल्या. काकूंनी त्यांना ट्रेमधले न चेपलेले पाव निवडून बांधून दिले.

काका छातीवर दोन्ही हात धरून उभे होते. बाळाचा श्वास त्यांच्या गळ्याखाली लागत होता, दुधाचा, गरम, आणि त्यांना आनंदानं हसावं, नाचावं, ओरडावं असं वाटत होतं, पण हलायची चोरी होती. म्हणून ते नुसतेच दात काढून खिडकीशी गेले. खाली दुकानासमोर गिऱ्हाइकं खोळंबली होती. शिंपी सगळ्यात पुढे.

"काका! आज किती?"

"पाटीवरचं पुसून टाक!" काका वरून म्हणाले, आणि बाळ घरी आलं त्या दिवसाचा आकडा सांगितला.

शिंप्याचा खडू हातातच राहिला. "एवढं उतरलं?"

"उतरलं नाही. तेवढंच होतं. बाकीचं आमचं होतं."

शिंप्याला काही कळलं नाही, पण त्यानं लिहिलं. तेवढ्यात छटाकरावांना जाग आली आणि आपली आणखी एक बाटली बाकी आहे असं वाटून त्यांनी भर खिडकीत दुसरी आरोळी ठोकली, पहिलीपेक्षा वरच्या पट्टीतली. गल्ली दुमदुमली. गल्लीत नवखा असलेला एक गृहस्थ पाव घ्यायला थांबला होता. त्यानं कानावर हात ठेवून वर पाहिलं.

"अहो, कुणाचं पोर आहे हे? केवढं रडतंय!"

"माझं!" काका ओरडले.

आपण काय बोललो ते त्यांना बोलून झाल्यावर ऐकू आलं. मागे काकू दारात थांबल्या. काकांनी मोठा श्वास घेतला, छातीवरचं बाळ त्या श्वासाबरोबर वर आलं आणि ते पुन्हा ओरडले, यावेळी सगळ्या गल्लीला, "माझं आहे! माझा मुलगा आहे तो!"

डॉक्टरीणबाई पाव घेऊन कोपऱ्यापर्यंत पोचल्या होत्या. तिथून त्या वळल्या आणि तितक्याच मोठ्यानं ओरडल्या, "मग त्याला घेऊन खिडकीतून आत व्हा आधी!"